पोराला आइस हॉकी क्लबात घालायचंय? दुकानात जायच्या आधी हे वाचा

पोरगं किंवा पोरगी "मला पण आइस हॉकी खेळायचीय" म्हणायला लागली की बहुतेक आईबाप पहिलं काय करतात, तर किट बघायला दुकानात जातात. थांबा जरा. आधी रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) जा, आणि शक्यतो एकटेच जा, पोराला न घेता. ज्या क्लबात घालायचा विचार आहे त्यांच्या लहान गटाची एक प्रॅक्टिस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. मॅच नाही हं, प्रॅक्टिस. मॅचमध्ये फक्त स्कोअर दिसतो.

बघायचं कसं, तर ग्रुपमधलं सगळ्यात कच्चं पोर शोधा, जे सारखं आपटतंय, आणि नजर त्याच्यावरच ठेवा. त्याच्या स्टिकला पक (खेळायची रबराची चकती) किती वेळा लागला, कोच त्याच्याशी वाकून बोलला का, आणि मुख्य म्हणजे ते रांगेत किती वेळ नुसतं उभं होतं. काही क्लबात सगळी पोरं एका लायनीत, पुढचा एक जण जातो, शॉट मारतो, परत येतो, आणि बाकीचे थंडीत स्टिक आपटत एकमेकांना ढकलतायत, असं तासभर चालतं आणि पोराच्या वाट्याला खरं स्केटिंग जेमतेम पाच-दहा मिनिटं येतं. दुसऱ्या क्लबात बर्फाचे तीन-चार तुकडे पाडलेले असतात, एका कोपऱ्यात फक्त थांबायला शिकवतायत, दुसरीकडे पास, तिसरीकडे दोन छोटे गोल लावून धुमाकूळ चाललाय, सगळी पोरं घामाघूम. हा दुसरा क्लब घ्या, पहिल्याच्या शोकेसमध्ये कितीही ट्रॉफ्या असल्या तरी.

अगदी छोट्यांची मॅच रिंकच्या आडव्या बाजूने खेळवतात का तेही विचारा. पूर्ण रिंक साधारण 60 मीटर लांब असतं, सहा-सात वर्षांचं पोर एवढ्या बर्फावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं पळतं आणि पक दोन-तीन तरबेज पोरांकडेच फिरत राहतो. आडवं खेळवलं की सगळ्यांच्या स्टिकला पक लागतो. काही आईबापांना हे "खरं हॉकी" वाटत नाही, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

क्लबच्या माणसाला अजून विचारायचं ते असं: आठवड्याला बर्फावर किती वेळा उतरायला मिळतं, कोचने आइस हॉकी फेडरेशनचा कोर्स केलाय का, लॉकर रूममध्ये पोरांबरोबर कोण असतं (एकच मोठा माणूस एकटा असेल तर सरळ नको म्हणा), सुरुवातीला किट उसनं मिळतं का, आणि बाहेरगावच्या मॅचेस किती. शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात आणि मग अख्ख्या सीझनचे वीकेंड गाडीत जातात.

वयाचे गट जन्मवर्षावरून पडतात, यू 10, यू 12 वगैरे, आणि ज्युनिअर म्हणतात ते साधारण 16 ते 20 चं. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात, मध्ये जवळजवळ वर्षाचा फरक. कॅनडातल्या संशोधकांनी 1980 च्या दशकातच दाखवून दिलंय की वरच्या टीम्समध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, कारण लहानपणी ती पोरं अंगाने थोडी मोठी असतात, निवडली जातात, मग त्यांनाच चांगला कोच आणि जास्त बर्फ मिळतं. तेव्हा तुमचं पोर वर्षाच्या शेवटाकडचं असेल आणि कोच पहिल्याच सीझनला "जरा स्लो आहे" म्हणाला तर फार मनावर घेऊ नका.

आता किट. पैसे खर्च करायचे ते स्केट्स आणि हेल्मेटवर, बाकी शोल्डर पॅड, एल्बो पॅड, शिन पॅड, पँट सगळं वापरलेलं घेतलं तरी चालतं, पोरं वर्षभरात त्यातनं बाहेर येतातच.

स्केट्स "वाढत्या पायाला" म्हणून मोठे घेऊ नका, प्लीज. हॉकी स्केटचा नंबर बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड कमी येतो. लेस न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टेकवायची आणि टाचेमागे एक बोट जाईल एवढीच जागा राहिली पाहिजे, दोन बोटं गेली की तो स्केट परत ठेवा. पोराचे घोटे आत वाकतायत म्हणून लोक म्हणतात पाय कमजोर आहेत, पण बहुतेक वेळा स्केट मोठा असतो नाहीतर ढिला बांधलेला असतो.

बांधायचं पण एक तंत्र आहे. पाय आत घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागे घट्ट बसते. मग बोटांकडची पहिली दोन-तीन भोकं नॉर्मल, जिथे पाऊल संपून घोटा सुरू होतो तिथे कचकचीत, जोर लावून, आणि सगळ्यात वरचं भोक पुन्हा जरा मोकळं, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. लेस उरली म्हणून घोट्याभोवती गुंडाळू नका, पाय वाकायचा बंद होतो आणि बधिर पण होतो.

नवीन स्केट्सना बहुतेक वेळा धार नसते! डब्यातनं काढले आणि थेट बर्फावर, मग पोर उभंच राहू शकत नाही आणि रडून परत येतं. धार लावून घ्या. ब्लेडच्या खाली मधोमध एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा बर्फात रुततात, लहान पोरांना बऱ्याचदा अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ काढून देतात, दुकानदाराला "अर्धा इंच" एवढं सांगितलं की कळतं. नंतर आठ-दहा सेशन झाले, किंवा पोर वळताना घसरायला लागलं, की पुन्हा धार. बर्फावरनं आल्यावर ब्लेड फडक्याने कोरडं पुसा आणि कापडी कव्हर घाला. प्लास्टिकचं कडक कव्हर फक्त चालण्यासाठी, त्यात ठेवून दिले की गंज चढतो.

स्टिक स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत, स्केट्सशिवाय नाकापर्यंत. मोठ्या माणसाची स्टिक कापून देऊ नका, कापली की ती अजून कडक होते आणि पोराच्या जोराने वाकतच नाही. फ्लेक्सचा आकडा (स्टिक किती कडक ते) पोराच्या पाउंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा, म्हणजे 30 किलोच्या पोराला 30-35. आणि उजव्या हाताने लिहितं म्हणून उजवी स्टिक (उजवा हात खाली धरायची) असं काही नसतं, उलट बऱ्याच जणांचा जो हात भारी तो वर असतो. हातात द्या, बघा आपोआप कशी धरतंय ते.

हेल्मेट नवीनच, केजसकट (तोंडापुढची जाळी), सर्टिफिकेशनचा स्टिकर बघून. गळ्याचं गार्ड तर विसरूच नका. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला मॅच चालू असताना अॅडम जॉन्सन या खेळाडूचा गळ्याला स्केटचं ब्लेड लागून मृत्यू झाला, त्यानंतर नियम बरेच बदलले आणि यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या संघटनेने ऑगस्ट 2024 पासून पोरांच्या सगळ्या गटांना प्रॅक्टिससकट ते कंपल्सरी केलं. तुमच्याकडे कंपल्सरी असो नसो, घाला.

अंगावर चढवायचा क्रम: आतले कपडे आणि कप (जांघेचं गार्ड), शिन पॅड, सॉक्स, पँट, मग स्केट्स, मग वरचं सगळं. शोल्डर पॅड आधी घातले की पोराला वाकताच येत नाही आणि लेस तुम्हालाच बांधायला लागते.

पहिले काही आठवडे पक विसरा. पडायला शिकायचं, उठायला शिकायचं (एक गुडघा टेकून, दुसरा पाय उभा, हात त्या गुडघ्यावर आणि वर), आणि थांबायला. थांबता येत नाही तोवर पोर जोरात जायला घाबरतंच, आणि जोरात गेलं नाही की पुढचं काही शिकत नाही. एखादा कोच पहिल्याच दिवशी स्लॅपशॉट (स्टिक मागे उचलून जोरात फटका) शिकवायला लागला तर काय समजायचं ते समजा.

बॉडी चेकिंगबद्दल, म्हणजे मुद्दाम अंगावर धडक मारण्याबद्दल, घरात भांडणं होतात म्हणून सांगते. अमेरिकेत 2011 पासून आणि कॅनडात 2013 पासून 12 वर्षांपर्यंतच्या गटात अंगावर धडक मारायला बंदी आहे. त्यामागे एक अभ्यास होता, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात 11-12 वर्षांच्या पोरांना चेकिंग करू द्यायचे आणि क्यूबेकमध्ये नाही, तर अल्बर्टात कन्कशनचा (डोक्याला मार बसून मेंदूला इजा होण्याचा) धोका तिपटीहून जास्त निघाला. त्यामुळे तुमच्या क्लबात कुठल्या वयापासून चालतं ते विचारून घ्या, आणि त्याच्या आधीचं वर्षभर धडक कशी घ्यायची, बोर्डजवळ (रिंकच्या कठड्याजवळ) कसं उभं राहायचं हे शिकवतात का तेही विचारा. डोक्याला लागलं आणि पोर जरा गोंधळल्यासारखं वाटलं, डोकं दुखतंय म्हणालं, की त्या दिवशी पुन्हा बर्फावर नाही. फायनल असली तरी नाही. डॉक्टरला दाखवून मगच पुढचं.

घरी आल्यावर बॅग उघडून सगळं सामान पसरून वाळवा. ग्लव्हज तर उलटे टांगा. नाही वाळवलं तर वास येतो तो येतोच, पण वरून अंगाला खाज-पुरळ पण सुरू होतं.

आणि पोर एक दिवस येऊन म्हणेल, मला गोली (गोलकीपर) व्हायचंय. जवळजवळ सगळीच म्हणतात, पॅड भारी दिसतात म्हणून. गोलीचं किट सगळ्यात महाग, तेव्हा लगेच काही घेऊ नका. बऱ्याच क्लबांकडे लहान गटासाठी एक-दोन सेट असतात आणि पोरांना आळीपाळीने गोलमध्ये उभं करतात, तिथे एक अख्खा सीझन उभं राहू दे. पक अंगावर येताना डोळे मिटत नाही आणि तरीही पुढच्या वर्षी गोलच मागतंय, मग बघा सेकंडहँड सेट.