वार पडायची वाट बघू नका, चीक आधी पाजा
शेळी व्याली की वार (जार) पडेपर्यंत करडाला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, द्यायचा नाही, ही जुनी समजूत करडांच्या जिवावर उठते. अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. २ किलोच्या करडाला दिवसभरात साधारण २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. दोन-तीन आठवड्यांनी शेवरीचा कोवळा पाला दोरीला बांधून तोंडाच्या उंचीवर टांगा. खाली टाकलेला पाला लेंड्या-मुतात तुडवला जातो आणि जंतही तिथूनच पोटात जातात. महिन्याचं झालं की भरडलेला मका नि शेंगदाणा पेंड मूठभर, हळूहळू वाढवत. एकदम धान्य दिलं तर पोट फुगतं. दूध मात्र तीन महिन्यांपर्यंत तोडू नका, गावात दुधाला गिऱ्हाईक मागे लागलं तरी!