एलिव्हेशनवर मापं टाकायची, पण शून्य कुठे धरायचं?

ऐरोलीला काकांच्या रो-हाउसचं काम निघालं तेव्हा घर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरवर सगळी ड्रॉइंग मीच केली. समोरच्या एलिव्हेशनवर, म्हणजे घर समोरून सरळ पाहिल्यावर दिसतं त्या ड्रॉइंगवर, खिडकीची उंची ठसठशीत लिहिली होती, १२०० मिमी. ग्रिलवाल्याने बरोबर तेवढं ग्रिल करून आणलं आणि ते बसेना. मी मोजलेले १२०० विटेपासून विटेपर्यंत होते. मधल्या दिवसांत वरून-खालून प्लॅस्टर होऊन तेच भोक इंचभराने लहान झालं होतं. काका रागावले नाहीत, “आधी चहा घे” एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

तेव्हापासून मापं टाकायला बसलो की दोन गोष्टी आधी ठरवतो: शून्य कुठे, आणि हे माप वाचणारा माणूस कोण. बाकी मग क्लिक करण्याचं काम आहे. मेनूंची नावं सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतील, क्रम साधारण हाच राहतो.

आधी मॉडेल तपासा

या सॉफ्टवेअरमध्ये एलिव्हेशन वेगळं काढावं लागत नाही, प्लॅनमधल्या भिंती आणि उंच्यांवरून ते आपोआप तयार होतं. म्हणून मजल्याची उंची, स्लॅबची जाडी, खिडकीची सिल (खिडकीच्या तळाची उंची) हे आकडे मॉडेलमध्येच तपासून घ्या. आकडा चुकलेला दिसला की मापावर डबल-क्लिक करून हाताने दुसरा आकडा टाइप करायचा मोह होतो. तो अजिबात करू नका. पुढे खिडकी हलवलीत तर रेघ हलेल, तुम्ही टाइप केलेला आकडा तसाच राहील, आणि ते साइटवर वीट लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

व्ह्यू सरळ लावा

प्लॅनमध्ये घराच्या बाहेर, भिंतीकडे तोंड करून एलिव्हेशनचा कॅमेरा ठेवा. कॅमेऱ्याची रेघ बाल्कनीतून किंवा छज्जातून गेली तर तिथे इमारत कापली जाते आणि एलिव्हेशनऐवजी सेक्शन, म्हणजे कापलेल्या घराचं आतलं चित्र, हाती येतं. चांगली दोनेक फूट मोकळी जागा सोडा. व्ह्यू समांतर प्रक्षेपणाचा हवा, म्हणजे लांबची वस्तू लहान दिसत नाही असा. स्केचअपमध्ये कॅमेरा मेनूत पॅरलल प्रोजेक्शन निवडावं लागतं. पर्स्पेक्टिव्ह चित्र छान दिसतं, पण छापल्यावर त्यावर स्केलपट्टीने मापं मोजता येत नाहीत. व्ह्यूला लगेच नाव देऊन टाका: ‘पूर्व बाजू’, ‘रस्त्याकडची बाजू’. ‘एलिव्हेशन १’ म्हणजे काय हे आठवडाभराने तुम्हालाच आठवणार नाही.

अक्षरांचा आकार

कागदावर आकडा निदान २.५ मिमी उंच हवा. १:५० स्केलला छापणार असाल तर मॉडेलमध्ये तो १२५ मिमी होतो, १:१०० ला २५०. बरीच सॉफ्टवेअर हा हिशेब स्वतः करतात, फक्त स्केल आधी ठरवा. सगळी मापं टाकून झाल्यावर स्केल बदललं की आकडे एकमेकांच्या डोक्यावर चढतात आणि संध्याकाळ ते सरकवण्यात जाते.

शून्य

जमिनीपासून मापं मोजायची सवय असेल तर सोडा. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, रस्त्याचं काँक्रीट झालं की पातळी चढते. जुन्या सोसायट्यांची आवारं रस्त्याच्या खाली गेलेली आपण रोज पाहतो. जमीन ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापुरती खरी. म्हणून तळमजल्याची तयार फरशी, लाद्या बसल्यानंतरची, हीच ०.०० धरा आणि व्ह्यूमध्ये तिथे आडवी रेघ मारून ‘फिनिश फ्लोअर ०.००’ असं लिहा. गवंडी त्याच पातळीवरून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर खूण करून घेतो, पुढचं सगळं त्या खुणेवरून मोजतो. तुमची मापंही तिथूनच निघाली तर त्याला वजाबाकी करत बसावं लागत नाही. तशाच बारीक रेघा सिल, लिंटेल (खिडकीवरचा आडवा पट्टा), स्लॅबचा वरचा भाग आणि गच्चीचा कठडा इथे मारा.

उभी मापं

उंचीच्या मापांची साखळी हे एलिव्हेशनचं खरं काम. इमारतीच्या एका बाजूला तीन ओळी करा. सॉफ्टवेअरमध्ये सलग माप घ्यायचं टूल असतं, ऑटोकॅडमध्ये पहिलं माप डिमलिनिअरने आणि पुढची डिमकंटिन्यूने घेतात.

भिंतीलगतच्या ओळीत खिडक्यांचे टप्पे येतात. साध्या तळमजला अधिक एकच्या घराला, खालून वर: जोतं ४५०, सिल ९००, खिडकी १२००, तिथून वरच्या फरशीपर्यंत ९००. वरच्या मजल्याला पुन्हा ९००, १२००, ९००. शेवटी कठडा १०५०. दुसऱ्या ओळीत फक्त मजले: ४५०, ३०००, ३०००, १०५०. तिसऱ्या, सर्वांत बाहेरच्या ओळीत एकच आकडा, ७५००.

आता कॅल्क्युलेटर काढून पहिली ओळ बेरीज करा. ७५०० आले पाहिजेत. २० कमी-जास्त आले तर बहुधा एखादा क्लिक प्लॅस्टरच्या रेघेवर आणि दुसरा विटेच्या रेघेवर बसलेला असतो. दोन रेघा पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, म्हणून प्रत्येक क्लिकच्या आधी चांगलं झूम करा. मागच्या भिंतीची लपलेली कडही कर्सर ओढून घेतो, तेव्हा मागच्या वस्तूंचा थर तेवढ्यापुरता बंद ठेवलेला बरा.

तीन हजाराच्या मजल्यातून स्लॅबचे १५० आणि लादी आणि तिच्याखालच्या बेडिंगच्या थराचे ५० वजा करा, २८०० उरतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ राहत्या खोलीला साधारणपणे किमान २७५० मिमी उंची मागते. म्हणजे हातात पन्नास मिमी, त्यातलं थोडं छताच्या प्लॅस्टरला जाणार. कागदावर ३००० पाहून घरमालक खूश असतो, म्हणून आतली मोकळी उंची मी वेगळी लिहून ठेवतो.

आडवी मापं

इथे हात आखडता घ्या. रुंदीची मापं प्लॅनवर असतातच. तीच एलिव्हेशनवर पुन्हा टाकली की दोन ठिकाणी सांभाळावी लागतात. प्लॅनमध्ये न दिसणारं तेवढंच टाका: दर्शनी भिंतीवरचे पट्टे, क्लॅडिंगच्या (भिंतीवर बसवलेल्या दगड-टाइलच्या आवरणाच्या) कडा. छज्जा भिंतीबाहेर किती आला ते समोरच्या एलिव्हेशनमध्ये मोजताच येत नाही, त्यासाठी बाजूचा व्ह्यू लागतो.

आपोआप मापं टाकणारं बटण असेल तर ते एकदा दाबून पाहायला हरकत नाही. मग निम्मी मापं खोडा. ते बटण खिडकीच्या चौकटीची पट्टीसुद्धा मोजून दाखवतं.

विटेपर्यंत की प्लॅस्टरपर्यंत

वर सांगितलेलं ग्रिल इथलं. गवंड्याला वीटकामातलं भोक हवं असतं, ग्रिलवाल्याला आणि खिडकीच्या फॅब्रिकेटरला तयार भोक. दोघांना एकच आकडा दिला की एकाचं चुकणारच. उंचीच्या साखळीत मी वीटकामाची मापं ठेवतो, तसं कोपऱ्यात लिहितो, आणि फॅब्रिकेटरच्या कागदावर त्याच्यासाठी टीप देतो: ‘प्लॅस्टर झाल्यावर प्रत्यक्ष मोजून घेणे’. कितीही नेमकं ड्रॉइंग असलं तरी ही ओळ गाळू नका.

एककाचाही घोळ असतो. सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्ये, फॅब्रिकेटर इंच आणि सूतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून थोडं जास्त. १२०० मिमी म्हणजे ४७ इंच २ सूत. पण फोनवर बोलताना त्याचे सरळ ‘चार फूट’ होतात, आणि चार फूट म्हणजे १२१९. एकोणीस मिमीचा फरक नुसत्या बोलण्यात पडला. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात इंच-सूत लिहून टाका. दुय्यम एकक दाखवायची सोय असली तरी ती बहुधा दशांशात इंच दाखवते, सूत हातानेच लिहावे लागतात.

छापताना

साडेसात मीटरचं घर १:५० ला कागदावर १५० मिमी उंच येतं, ए-थ्रीवर मापांसकट आरामात मावतं. पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे देताना ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, नाहीतर १:५० चं १:५३ होऊन येतं. ड्रॉइंगच्या खाली मॉडेलच्या मापात एक मीटर लांबीची रेघ काढून ठेवा, १:५० ला छापल्यावर ती पट्टीने बरोबर २० मिमी भरली पाहिजे. दुकानातच मोजा, घरी येऊन नको.

आणि साइटवर कागद फार टिकत नाही, सिमेंटच्या हाताने दोन दिवसांत फाटतो. मग सगळे व्हॉट्सॲपवरच्या फोटोत बोटांनी मोठं करून वाचतात. म्हणून पूर्ण ए-थ्रीबरोबर प्रत्येक खिडकीचा वेगळा, मोठ्या आकड्यांचा तुकडाही पाठवा, त्यावर ०.०० ची रेघ दिसेल अशा बेताने कापून.