पोटाचा घेर, आतली सूज आणि इन्सुलिन: या चुका टाळा

मान घासत बसणं

वजन जास्त असलेल्या मुलीची मान मागून काळवंडली की घरी बेसन, लिंबू आणि काथ्या निघतो. वर "अंघोळ नीट करत नाहीस" अशी बोलणीही तिलाच खावी लागतात. जरा उजेडात नेऊन पाहा. तिथली कातडी जाडसर, मखमलीसारखी झालेली असते, घड्यांमध्ये रंग जास्त गडद असतो आणि बहुतेकदा काखेतही तेच दिसतं. हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी वाढतात. डॉक्टर याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. घासून कातडी सोलवटते, रंग जात नाही. मुलीला ओरडू नका, तपासणीला न्या.

फास्टिंग शुगर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. स्वादुपिंड जादा राबून कित्येक वर्षं साखर ताब्यात ठेवू शकतं. रिपोर्टवर सगळं आलबेल दिसतं, आत मात्र बिघाड सुरू झालेला असतो.

काय चाललेलं असतं? चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगतात. त्यांना रक्तपुरवठा पुरत नाही, काही मरतात. त्या साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी येतात आणि तिथेच ठाण मांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसलेल्या दिसतात. त्यांच्यातून टीएनएफ-अल्फासारखी रसायनं पाझरत राहतात आणि इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचू देत नाहीत. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेलं असतं आणि त्याचा इन्सुलिनशी संबंध आहे, हे गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं. मॅक्रोफेजची गर्दी २००३ मध्ये समोर आली. त्यात भर म्हणजे, चरबीच्या पेशीत मावत नाही ती चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि तिथेही इन्सुलिनचं काम अडतं. मॅक्रोफेज आणि त्यांच्या रसायनांचा हा खेळ म्हणजेच आतली सूज. ती दुखत नाही, ताप आणत नाही, पायावर बोट दाबून कळत नाही.

म्हणून एकट्या फास्टिंगवर विसंबू नका. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी; ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल), यकृताची एसजीपीटी तपासणी आणि रक्तदाब एकत्र बघायला हवेत. इन्सुलिनची पातळी मोजून एचओएमए-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देतं याचा अंदाज) काढता येतो, पण लॅबगणिक आकडे बदलतात. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही.

फक्त वजनकाट्यावर भरवसा

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही ठेवण घरोघरी दिसते आणि लोक तिला "खाऊनपिऊन सुखी" म्हणून सोडून देतात. माझ्या मते हा गैरसमज आपलं सर्वांत जास्त नुकसान करतो.

टेप घ्या. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पँट पोटाखाली बसते. सरळ उभं राहा, सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, पोट आत न ओढता श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर लक्ष द्यायची वेळ झाली.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. "महिनाभर चालतोय, काटा हलत नाही, सोडून दिलं." चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजनात फारसा फरक नसताना. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका. वजन उतरलं तर फायदा आणखी वाढतो, हेही खरं.

चरबी काढून टाकली की प्रश्न मिटला, असंही समजू नका. अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे १० किलो चरबी लायपोसक्शनने काढली. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही, सूज दाखवणारे आकडेही उतरले नाहीत (२००४). उरलेल्या पेशी फुगलेल्याच होत्या आणि आतली चरबी जागच्या जागी होती.

सूज उतरवणारी पावडर शोधणं

भाजीतली हळद खुशाल खा. पण काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या जोरकस कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मुळात सूज मारली की साखर सुधारते, हे गणित इतकं सरळ नाही. दहा हजारांवर हृदयरुग्णांवरच्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाने सूज ठळकपणे घटली, हृदयविकाराचे झटकेही कमी झाले, पण नव्याने मधुमेह होणं थांबलं नाही. स्टेरॉइड तर सूज झपाट्याने उतरवतं आणि साखर चढवतं. गुडघेदुखीवर कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. ती महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीची हौसही आवरा. सर्दी, हिरडीचा पू, व्हायरल ताप यांनी ती वाढतेच. एचएस-सीआरपी (तिचाच जास्त बारकाईने मोजणारा प्रकार) १० मिग्रॅ/लिटरच्या वर आली तर बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी परत करा.

खाण्याच्या आणि उपवासाच्या चुका

"एकादशी अन् दुप्पट खाशी" हे उगाच नाही म्हणत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर केळं आणि गोड चहा. त्याऐवजी शेंगदाण्याची आमटी आणि बेताची भगर, सोबत ताक आणि काकडी बरी. रोजच्या ताटातही डाळ, उसळ, अंडं किंवा मासे आधी वाढा, भात-पोळी मागून.

जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर साखर उचलतात ते मुख्यतः स्नायू. नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याचे कॅन उचलणं असं काही करा. झोपही मोडू नका. निरोगी तरुणांनाही सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं तर साखर नीट हाताळता येत नाही, हे १९९९ मध्ये दिसलं आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने सोळा तासांचा उपवास सुरू करणं मात्र धोक्याचं आहे. साखर फार उतरून हातापायाला कापरं, दरदरून घाम, धडधड झाली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. गोळ्यांचा डोस उपवासाच्या आधी बदलून घ्यायचा असतो, चक्कर आल्यावर नव्हे.