मुलगा नौदलात शेफ झाला, आता घरच्यांनी काय करावे

निवड झाल्याचे कळते, घरात पेढे वाटले जातात आणि मग कोणीतरी विचारते, की नौदलात नेमके काम काय? ‘शेफ’ असे उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. आमच्या सातारा जिल्ह्यात लष्करात जाण्याची परंपरा जुनी असल्यामुळे हा अनुभव आमच्या वाट्याला जरा जास्तच आला. ‘बंदूक धरायची सोडून झारा धरला होय?’ असे भावकीतल्या एका माणसाने मुलाच्या देखत विचारले आणि मी हसून विषय टाळला. ते माझे चुकले, कारण त्या हसण्याचा अर्थ मुलाने काय लावला, हे मला पुढे वर्षभराने कळले. म्हणून पालकांनी सर्वांत आधी हे काम स्वतः समजून घ्यावे, म्हणजे असा प्रश्न आला की उत्तर देता येते.

अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी घेतलेल्या सैनिकाला अग्निवीर म्हणतात. दहावी उत्तीर्ण उमेदवारांची जी ‘अग्निवीर एमआर’ (मॅट्रिक रिक्रूट) भरती होते, तिच्यात शेफ, स्टुअर्ड (जेवण वाढणारा) आणि हायजिनिस्ट (साफसफाई पाहणारा) अशी तीन प्रकारची कामे असतात. शेफने ठरलेल्या मेनूप्रमाणे शाकाहारी व मांसाहारी जेवण तयार करायचे आणि शिध्याचा हिशेब ठेवायचा असतो. त्याखेरीज त्याला शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षण दिले जाते व इतर कामेही सोपवली जातात, हे भरतीच्या माहितीतच लिहिलेले असते. थोडक्यात, झारा आणि बंदूक यांत निवड करायची नसते. ओडिशात चिल्का सरोवराकाठच्या आयएनएस चिल्का येथे होणारे प्राथमिक प्रशिक्षण इतर अग्निवीरांप्रमाणे त्यालाही घ्यावे लागते. तेथील कवायत, पोहणे आणि धावणे यांत आचाऱ्याला सवलत नसते. जहाजावर आग लागली किंवा पाणी शिरले, तर कढई खाली ठेवून तोही आपल्या ठरलेल्या जागी धावतो.

जेवणाचे प्रमाण किती मोठे असते, याचा अंदाज घरच्यांना सहसा नसतो. आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर सुमारे १,६०० माणसे असतात आणि तिला महिन्याला जवळजवळ १ लाख अंडी, २०,००० लिटर दूध व १६ टन तांदूळ लागतो, अशी माहिती ती नौदलात दाखल झाली त्या सुमारास देण्यात आली होती. लहान जहाजावर माणसे कमी, पण जागाही तितकीच कमी. जहाजावरच्या भटारखान्याला गॅली म्हणतात. तिथल्या शेगडीला कडेने कठडे असतात, कारण जहाज कलले की पातेले जागचे हलते, आणि तळणाच्या तेलाचे काय होऊ शकते हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. पहिल्या सुट्टीत मुलगा आला, तेव्हा त्याच्या उजव्या मनगटाच्या वर दोन बोटे रुंद असा डाग होता. ‘काही नाही, ट्रे लागला,’ एवढेच तो म्हणाला.

या कामाला मान का आहे, हे सांगण्यासाठी मी नातेवाइकांना इतिहासातील एक दाखला देतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर नौसैनिकांनी जो संप सुरू केला आणि ज्याचे पुढे उठावात रूपांतर झाले, त्याची ठिणगी निकृष्ट जेवणावरून पडली होती. कारणे अर्थातच अधिक खोल होती. अपमानास्पद वागणूक आणि पारतंत्र्य ही त्यांतली मुख्य. तरीही समुद्रावर महिनाभर तेच चेहरे आणि तेच लोखंड पाहणाऱ्या माणसांना ताटात काय पडते याचे मोल किती असते, हे त्यावरून ध्यानात येते.

माळकरी घराची अडचण

आमच्यासारख्या वारकरी घरांतून मुलगा शेफ होतो, तेव्हा एक प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही. मटण, मासे, अंडी हाताळणे हा या कामाचा नित्याचा भाग आहे. त्यात सूट मागता येत नाही. याविषयी घरात बोलणे अर्ज भरण्याआधीच व्हावे. मुलगा चिल्क्याला पोहोचल्यावर आजीने फोनवर रडणे आणि त्याने पलीकडे गप्प राहणे, यातून कोणाचेच भले होत नाही. आमच्या घरी आईने, म्हणजे मुलाच्या आजीने, शेवटी स्वतःच तोडगा काढला: ‘तू खाऊ नकोस, पण दुसऱ्याला उपाशी ठेवू नकोस.’ प्रत्येक घराचा तोडगा असाच असेल असे नाही. काही मुले तिथे जाऊन खाऊही लागतात, आणि तसे झाले तर सुट्टीत आल्यावर त्याची उलटतपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जो प्रश्न टाळायचा नाही तो एकदाच, शांतपणे आणि त्याच्या समोर विचारावा. गावभर चर्चा करून नव्हे.

फोन, पत्रे आणि डबे

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइलची रेंज जाते आणि पुढचे कित्येक दिवस काहीच कळत नाही. फोन लागला नाही म्हणून काहीतरी अघटित घडले असे समजून ओळखीच्या साऱ्या नौसैनिकांना फोन करत सुटू नये. तो किनाऱ्यावर असतानाही गॅलीचे काम पाळ्यांमध्ये चालते आणि नाश्ता करणारा माणूस इतर झोपलेले असताना उठतो, म्हणून कोणत्या वेळी फोन केलेला चालेल हे त्यालाच ठरवू द्यावे. बोलताना ‘जेवलास का?’ हा आपला ठरलेला प्रश्न त्याला हास्यास्पद वाटतो, कारण दिवसभर तो तेच करत असतो. ‘आज काय बिघडलं?’ असे विचारून पाहावे. मुले मोकळी बोलतात. सुरुवातीच्या महिन्यांत बोट लागण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना तेलाच्या वासात उभे राहणे किती कठीण असते, हे ऐकून घेणे एवढेच आपल्या हातात असते. घरून औषधे पाठवू नयेत. जहाजावर वैद्यकीय मदत असते आणि गुंगी आणणारी गोळी घेऊन गरम तेलापाशी उभे राहणे धोक्याचे आहे.

जहाज कोठे आहे, कधी निघणार, कधी परतणार हे त्याने सांगितले नाही तर विचारू नये, आणि चुकून कळले तर कोणाला सांगू नये. हेरगिरीच्या प्रकरणात काही नौसैनिकांना अटक झाल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने तळांवर, गोदीत व युद्धनौकांवर स्मार्टफोन आणि फेसबुकच्या वापरावर बंदी घातली होती. मुलाचा गणवेशातला फोटो जहाजाच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकणारे पालक बहुतेक वेळा कौतुकापोटीच तसे करतात, पण त्याचे उत्तर मुलाला द्यावे लागते. गावच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आमचा बाळू उद्या निघाला’ असे लिहिणेही त्यातच आले.

पत्र किंवा पार्सल जहाजाच्या नावाने फ्लीट मेल ऑफिस या नौदलाच्या टपाल कार्यालयामार्फत जाते; पद, क्रमांक, पूर्ण नाव आणि जहाजाचे नाव नीट अक्षरात लिहावे. जहाज बाहेर असेल तर पार्सल ते परतेपर्यंत पडून राहते, म्हणून महिनाभर टिकेल तेच पाठवावे. खव्याचे किंवा ओल्या नारळाचे काही नको. तुपातले लाडूसुद्धा उन्हाळ्यात खवट होतात. आमच्याकडून मेतकूट, सुकी लसणीची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि कुळथाचे पीठ जाते, तेही घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, वरून चिकटपट्टी लावून. समुद्रात आधी पालेभाज्या संपतात, मग इतर ताजी भाजी, आणि अखेरीस कांदे-बटाटे व डब्यातले पदार्थ उरतात. अशा वेळी चटणीची एक बरणी सगळ्या मेसमध्ये फिरते. म्हणून थोडी जास्तच पाठवावी. प्रशिक्षणाच्या काळात मात्र काय चालते हे आधी त्याला विचारूनच पार्सल करावे.

पैसे, लग्न आणि चार वर्षे

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्याहून बाहेर पडली. पालकांनी या योजनेचे आकडे तोंडपाठ करावेत, कारण गावातले लोक नौदल आणि मर्चंट नेव्ही (व्यापारी जहाजांवरची नोकरी) यांत गल्लत करून भलत्याच पगाराच्या गोष्टी सांगतात. अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये असते आणि चौथ्या वर्षी ते ४०,००० होते. त्यातील ३० टक्के सेवानिधीसाठी, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या रकमेसाठी, कापले जातात, तेवढीच भर सरकार घालते. म्हणजे पहिल्या वर्षी हातात येतात २१,००० रुपये, अधिक लागू असतील ते भत्ते. चार वर्षांच्या अखेरीस व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात आणि त्यावर आयकर नाही. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. विमा ४८ लाखांचा असतो. त्यासाठी आणि बँक खात्यासाठी नामनिर्देशन केले आहे का, हे पहिल्या सुट्टीतच विचारून घ्यावे. विषय काढताना जीभ अडखळते हे मला ठाऊक आहे, तरी तो काढावा.

सेवानिधी मिळणार म्हणून आजच ट्रॅक्टर किंवा घराचे कर्ज काढणे हा आमच्या भागातला नवा छंद आहे. ते पैसे मुलाच्या चार वर्षांनंतरच्या उभारणीसाठी आहेत, कारण तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच पुढे कायम केले जाते. आपला मुलगा त्यांत असेलच असे धरून चालू नये. तो नसेल असेही त्याला सारखे ऐकवू नये.

लग्नाचे बोलणे या काळात काढूच नये. अग्निवीर अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांत लग्न केल्यास त्याला काढून टाकले जाते, असे भरतीच्या अटींत स्पष्ट लिहिलेले आहे. ‘साखरपुडा करून ठेवू, मग बघू’ असे म्हणून दोन्हीकडच्या घरांनी मुलावर दडपण आणण्यात काय साधते, हे मला समजलेले नाही. मुलगी शेफ म्हणून गेली असेल, तर हे दडपण दुपटीने येते आणि ते अडवण्याचे काम आईवडिलांनाच करावे लागते.

तिसऱ्या वर्षापासून घरच्यांनी एक काम मागे लागून करवून घ्यावे: कागद. कोणते प्रशिक्षण कोठे झाले, किती माणसांचे जेवण सांभाळले, शिधा-भांडाराचा हिशेब ठेवला का, याची प्रमाणपत्रे त्याने जमवावीत. मुंबईत मालाडजवळ मार्वे येथे असलेल्या आयएनएस हमला या रसद शाखेच्या तळावर घेतलेल्या शिक्षणाचे मोल बाहेरच्या हॉटेल व्यवसायात सांगता येते, पण कागद असला तरच. दहावी झालेल्या अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातर्फे बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे, तीही वाया घालवू नये. मर्चंट नेव्हीत आचारी म्हणून जायचे झाल्यास वेगळी परीक्षा देऊन जहाजाच्या आचाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नौदलात होतो एवढे सांगून तिथे भागत नाही. पैसे घेऊन तिकडे लावून देतो म्हणणारे दलाल नेमके याच वेळी दाराशी येतात. त्यांना चहाही देऊ नये.

सुट्टी

वर्षाला ३० दिवसांची रजा असते आणि ती सलग मिळेलच असे नाही. पहिले दोन दिवस त्याला झोपू द्यावे. यात्रेच्या भंडाऱ्याला किंवा चुलतभावाच्या लग्नाला त्याला आचारी म्हणून उभे करण्याचा मोह नातेवाइकांना होतो, तो आईवडिलांनी मोडून काढावा. त्याने स्वतःहून हात लावला तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे मागच्या खेपेला त्याने सकाळी स्वतःहून पोहे करतो म्हटले आणि पातेल्यासमोर बराच वेळ नुसता उभा राहिला. चार माणसांना किती पोहे घ्यायचे, हे त्याला आठवेना. पन्नास माणसांना किती किलो, ते त्याने चटकन सांगितले. शेवटी त्याच्या आईने डब्यातली वाटी काढून त्याच्या हातात दिली, आणि तो मापाने पोहे घेऊ लागला.