नववीत लेकरू आलं की एकदा खिडकीवर या

आमच्या शाळेच्या ऑफिसला एक खिडकी आहे, तिच्या आत मी बसतो. नागपूर महापालिकेच्या एका हायस्कूलातला बाबू. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा या खिडकीवर नुसती झुंबड असते. त्या गर्दीत मी जे अर्धंमुर्धं ओरडून सांगतो, ते इथं नीट लिहून ठेवतो.

आठवीपर्यंत तुम्हाला शाळेत यायचं फारसं काम पडत नाही. पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी मिळते. नववीत हे थांबतं. पहिल्या आठवड्यात आमचे नववीचे पोट्टे सवयीनं ताट घेऊन रांगेत लागतात आणि खिचडीवाल्या मावशी त्यांना नावानिशी ओळखत असूनही परत पाठवतात. (उरली की वाढतात. ते मी पाहिलेलं नाही.) तेव्हा पहिल्या दिवसापासून डबा द्या, पुस्तकांचे पैसे बाजूला काढा. वरच्या वर्गातल्या पोरांकडून जुनी पुस्तकं घ्यायला लाजू नका, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना ते वर्गशिक्षकांना विचारून घ्या.

आता मुख्य काम. दाखल-खारीज रजिस्टर बघायचं.

हे रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा. मोठ्ठं, जाड पुठ्ठ्याचं, उघडलं की अख्खा टेबल व्यापतं. लेकराचं नाव, आईचं नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सगळं एका आडव्या ओळीत. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, याच ओळीवरून लिहितात आणि दहावीचा फॉर्मही हीच ओळ समोर ठेवून तपासतात. तुमच्या पोराचं नाव या ओळीत जसं आहे, तसंच ते पुढं पासपोर्टापर्यंत जातं.

येताना महापालिकेचा जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेची टीसी घेऊन या. मी ओळ वाचून दाखवतो. तुम्ही "हो बाबू, बरोबर आहे" म्हणून मोकळे होऊ नका. एकेक अक्षर वाचायला लावा. मराठीत वानखेडे हे वानखेडेच असतं, पण इंग्रजीत कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि बँकेच्या पासबुकावर शेवटचा ई गायब. कोणतं तरी एक धरा आणि बाकीचे कागद त्याच्यामागे न्या. मी तर म्हणतो जन्मदाखला धरा. आधार दुरुस्त करणं त्यामानानं सोपं.

दुसरी भानगड नावाच्या क्रमाची. शाळेत आडनाव आधी, मग लेकराचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. हे चालतं, घाबरू नका. पण आमच्याकडं छत्तीसगड, यूपीकडून आलेली बरीच घरं आहेत, त्यांच्या कागदांवर मधलं नावच नसतं. तिथं वडिलांचं नाव घालायचं की नाही, हे नववीतच ठरवा, दहावीत नाही.

जातीच्या रकान्यात नुसता धर्म लिहिलेला असेल किंवा पोटजात सुटली असेल तर लगेच सांगा. जात पडताळणीच्या वेळी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचे. म्हणून दर उन्हाळ्यात कुणीतरी आजोबांच्या चौथीचा दाखला शोधत जुन्या शाळांच्या पायऱ्या झिजवत असतं. १९५६ पर्यंत तर नागपूर जुन्या मध्य प्रदेशात होतं. पानं इतकी ठिसूळ झालेली असतात की पलटताना श्वास रोखावा लागतो. नोंद सापडली की माणूस आधी त्या पानावर बोट ठेवून गप्प उभा राहतो, फोटो नंतर काढतो.

चूक सापडली तर मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज द्या, सोबत जन्मदाखला लावा. काही वेळा प्रतिज्ञापत्रही लागतं. शाळा प्रस्ताव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडं, माध्यमिक विभागात पाठवते. मंजुरी आली की जुन्या नोंदीवर लाल रेघ, वर नवी नोंद, बाजूला आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही. याला महिने लागू शकतात. हे सगळं लेकरू शाळेत शिकत असेतोवर करायचं. एकदा टीसी हातात पडली की उघड लेखनचुका सोडल्या तर दारं जवळपास बंद होतात.

माझंच बघा. माझी आई सांगते, तू तान्ह्या पोळ्याला झाला, बाहेर मारबतीची मिरवणूक निघाली होती अन् मी घरात कळा देत होते. म्हणजे ऑगस्टचा शेवट नाहीतर सप्टेंबर. पण बाबांनी मला शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही, आणि रजिस्टरात पडली १ जुलै. आमच्या वर्गात एक जुलैचे नऊजण होतो. एक तारखेचा जन्म म्हणजे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, त्यामुळे मी ३० जूनला घरी बसणार. दोन महिन्यांचा पगार त्या गुरुजींच्या टाकाला वाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जन्मतारखा तपासून राहिलो, स्वतःची राहून गेली.

मधेच एक सांगतो, लेकरू आठवीत असेल तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म चुकवू नका. परीक्षा आठवीतच असते, बुद्धिमत्तेचा एक पेपर ९० गुणांचा आणि शालेय विषयांचा एक ९० चा. सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० आणि चार वर्षांत ४८,०००. हे पैसे सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या लेकरांसाठीच आहेत. दरवर्षी कुणीतरी आई-बाप नववीत पोराला हौसेनं विनाअनुदानित 'कॉन्व्हेंट'मध्ये टाकतात आणि डिसेंबरात खिडकीवर येऊन विचारतात, "पैसे काहून नाही आले जी?" दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरणही करावं लागतं, ते आपोआप होत नाही. दहावीत ६० टक्के पडले तरच अकरावीला पुढं चालू राहते, अनुसूचित जाती-जमातींना ५५.

चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटही पोरांना द्यायला लावा. इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण वाढतात, बीला ५, सीला ३. त्या आठवड्यात व्हरांड्यात पोस्टर कलरचं पाणी सांडलेलं असतं आणि शिपाई वैतागलेला असतो, पण ते चालतं.

हजेरी ७५ टक्के लागते. लग्नसराईत आमचे पोट्टे केटररकडं वाढपी म्हणून जातात, रात्री दोनला येतात, सकाळी बाकावर झोपतात. मी त्यांना रागावत नाही. पालकांनी निदान लेखी अर्ज पाठवावा, कोरा दांडीचा शेरा तरी पडत नाही.

दहावीत गेल्यावर बोर्डाचा फॉर्म ऑनलाइन भरला जातो आणि मग शाळेत प्रीलिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते. त्यावर लेकरानं स्वतः तपासून सही करायची असते. एका वर्षी प्रीलिस्ट आली आणि नेमकी गॅदरिंगच्या नाचाची तालीम सुरू. एक पोरगी घुंगरू बांधलेल्या पायानं धावत आली, सही केली, धावत गेली. ती पारडीला मावशीकडं राहायची. फॉर्ममध्ये आईच्या नावाच्या जागी मावशीचं नाव पडलं होतं. निकालाच्या दिवशी कळलं. तिच्या आईनं सिव्हिल लाइन्समधल्या बोर्डाच्या ऑफिसात किती चकरा मारल्या, ते विचारू नका. चूक त्या पोरीची नव्हती, आमच्या खिडकीची होती. तेव्हापासून प्रीलिस्टची झेरॉक्स मी घरी पाठवतो. तुमच्या शाळेत देत नसतील तर मागा.

खिडकीवर कधी यायचं? परिपाठाच्या वेळी नाही, आणि पगारबिलाच्या दिवसांत तर मुळीच नाही, तेव्हा आम्ही कुणाशीच धड बोलत नाही. मधली सुट्टी संपल्यावर या. साहेब म्हणायची गरज नाही, बाबू म्हटलं तरी लवकर ऐकू येतं.

आणि शेवटी टीसी. कारण 'पुढील शिक्षणासाठी', वर्तणूक 'चांगली', गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, एवढं खिडकीवरच उभं राहून बघा. मूळ प्रत अकरावीच्या कॉलेजात जमा होते, परत मिळत नाही. त्याआधी दहा झेरॉक्स काढा, एक रंगीत स्कॅन करून स्वतःलाच पाठवून ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका. हरवली तर प्रतिज्ञापत्रावर दुसरी प्रत मिळते, तिच्यावर 'द्वितीय प्रत' असं लाल शाईनं मीच लिहितो.