फुलावरची माशी फोटोवरून ओळखायची असेल तर

फुलावर पिवळे-काळे पट्टे दिसले की आपण लगेच मधमाशी म्हणून मोकळे होतो, पण बऱ्याचदा ती होवरफ्लाय असते, म्हणजे मधमाशीची नक्कल करणारी साधी माशी. पट्ट्यांवर जाऊ नका, आधी पंख मोजा. माशीला 2च पंख असतात, मधमाशीला 4, पण तिचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असल्यामुळे फोटोत 2च वाटतात, म्हणून मग अँटेना, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बघायच्या, बहुतेक होवरफ्लायच्या अगदी आखूड, मधमाशीच्या लांब आणि मधेच वाकलेल्या.

आता फोटोचं सांगतो. एकच सुंदर फोटो काढून भागत नाही, वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा असे किमान 3 तरी घ्याच. पंखांच्या शिरा स्पष्ट आल्या तर फारच छान, कारण बहुतेक होवरफ्लायच्या पंखात मधोमध एक जास्तीची, कुठेच न जोडलेली शीर असते, ती दिसली की काम झालंच! डोळेही झूम करून बघा, बऱ्याच जातींत नराचे डोळे वर एकमेकांना टेकतात, मादीचे एकमेकांपासून दूर असतात. आणि काही जाती नुसत्या फोटोवरून खरंच कळत नाहीत, तिथे कुळापर्यंतच नाव लिहा, उगाच अंदाजाने जात ठोकू नका.