रॉकेट टेकलं की लगेच धावू नका
नेवाडातल्या ब्लॅक रॉकसारख्या सपाट वाळवंटात हौसेनं उडवलेलं रॉकेट कुठं हरवणार, असं वाटतं. उलट आहे. खुणेला झाड नाही की खांब नाही, आणि दुपारच्या झळांमध्ये किलोमीटरभर लांबचं पॅराशूट दिसतच नाही. म्हणून रॉकेट टेकलं की आहात तिथंच पाय रोवून उभे राहा. फोनच्या कंपासवर दिशेचे अंश वाचा आणि त्याच रेषेत मागच्या डोंगराचा एखादा सुळका हेरून ठेवा. दोन-तीनशे मीटर बाजूला उभ्या असलेल्या मित्रानंही दिशा घेतली असेल, तर दोन्ही रेषा छेदतात तिथं जायचं. शाळेतली भूमिती अशी कामी येते! जीपीएस ट्रॅकर असला तरी हे कराच. त्याची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते.

रेंज, म्हणजे उड्डाणाचं मैदान, जायला खुली झाल्याची घोषणा ऐकूनच निघा, पाणी सोबत घ्या. पॅराशूट बाहेर आलेलं नसेल, तर ते बाहेर ढकलणारी आतली बंदुकीची दारू अजून न पेटता जिवंत असू शकते. अशा वेळी रॉकेटच्या नळीच्या तोंडासमोर न जाता बाजूनं जाऊन आधी आल्टिमीटरचा (उंची मोजून ती दारू पेटवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद करा. फोटो मग काढा.